अक्कांचा गुलाब आणि दोन प्रदर्शनं

दर फेब्रुवारीत जळगावात फुलांचं प्रदर्शन भरतं आणि दर फेब्रुवारीत मी तिथून शहाणपण गहाण टाकून परत येते. कधी पेट्युनियाच्या दहा कुंड्या, कधी डेलियाचे कंद, एकदा तर थंड हवेच्या ठिकाणचं कसलंसं निळं फूल, जे रिक्षातून घरी येईपर्यंतच मान टाकून बसलं. आमच्याकडचा वसंत म्हणजे स्वेटर कपाटात जायचे आणि कूलर माळ्यावरून खाली यायचा, यांच्या मधले जेमतेम पंधरा दिवस. "फेब्रुवारीत आणायचं आणि मार्चमध्ये रडायचं," असं नवरा म्हणतो. म्हणू दे. मी तरीही वही घेऊन जाते. कुणी जुन्या टायरात काय लावलंय, गच्चीवर हिरवी जाळी कशी ताणलीय, ते लिहून घेते आणि पुढचे दोन दिवस आपलं अंगण पालटून टाकायच्या गोष्टी करते.

ज्या वर्षाबद्दल लिहायला बसले आहे, त्या वर्षी मी वही नेली नव्हती. मोबाइलमध्ये फक्त एका गुलाबाचे दोन फोटो होते.

गुलाब आमचा नव्हता. शेजारच्या अक्कांचा होता. अक्का म्हणजे साठी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या, आमच्या आणि त्यांच्या अंगणात कमरेएवढी भिंत. त्यांचे यजमान दीपनगरच्या वीज केंद्रात होते. तिथल्या कॉलनीत झाडांच्या पानांवर राखेचा थर बसायचा, तेव्हा ते रोज सकाळी ओलं फडकं घेऊन या गुलाबाचं एकेक पान पुसायचे म्हणे. धुळ्याच्या एका प्रदर्शनातून दोघांनी मिळून आणलेलं ते झाड. निवृत्तीनंतर सामानाच्या ट्रकमध्ये पुढे ड्रायव्हरजवळ बसून, कुंडी मांडीवर घेऊन, ते जळगावला आले. चार वर्षांपूर्वी ते गेले. झाड राहिलं. नावाची चिठ्ठी कधीच हरवली होती, त्यामुळे जात कुठली ते कुणालाच माहीत नव्हतं. पाकळी आतून गडद लाल आणि मागून दुधावरच्या सायीसारखी. असा गुलाब मी दुसरीकडे पाहिला नव्हता.

संक्रांत झाली आणि अक्का पुण्याला मुलीच्या बाळंतपणाला निघाल्या. जाताना पाण्याचं सगळं समजावून दिलं आणि फाटकाशी थांबून म्हणाल्या, "बाकी सगळं वाळलं तरी मी तुला बोलणार नाही. हा एवढा सांभाळ."

"त्याची काळजीच करू नका," मी म्हणाले. माझं हे एक वाक्य नेहमी मला महागात पडतं.

सांभाळायचं काम खरं तर मी करणार नव्हतेच. कॉलेजच्या कार्यालयात माझी नोकरी, सकाळी साडेनऊला घर सोडायचं. ते काम होतं आबांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं. आबांनी रावेरकडे चाळीस वर्षं केळी पिकवली. आदल्या वर्षी बागेत पाय घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, शेती पुतण्याकडे गेली आणि आबा आमच्याकडे आले. सहा महिने ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. जेवण दिलं की जेवायचे, टीव्ही लावला की डोळे मिटायचे. अक्कांनीच एक दिवस भिंतीवरून हाक मारली, "आबा, माझ्या जास्वंदीला कीड लागलीय, जरा बघता का?" त्या दिवशी आबा काठी घेऊन उठले ते उठलेच. तेव्हापासून दोन्ही अंगणांतल्या झाडांना पाणी घालणं, माती उकरणं, वाळकं काढणं हा त्यांचा दिवस झाला. आवाजसुद्धा पूर्वीसारखा खणखणीत झाला. मी मनातल्या मनात अक्कांचे पाय धरले होते.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका संध्याकाळी मी कामावरून आले आणि सवयीने भिंतीपलीकडे पाहिलं. गुलाबाच्या कुंडीत गुलाब नव्हता. दोन जुनी जाड खोडं मातीलगत तिरपी कापलेली, काप अगदी स्वच्छ. आणि शेजारी एकच हिरवीगार फूट, सरळसोट, माझ्या कमरेला लागेल एवढी.

"आबा, हे काय झालं?"

आबा विळा धूत होते. चेहरा समाधानाचा. "मोठं खोड फुलून गेलं व्हतं, माय. आता त्याचं काय काम? मी त्याले काढलं अन् पील धरलं. पाह्य कसं जोमात चाल्लं. केयीचा घड उतरला का खोड कापा लागते, नाही तं ते पिलाले वाढू देत नाही."

केळीच्या बाबतीत त्यांचा शब्दन् शब्द खरा होता. केळ एकदाच निसवते, म्हणजे तिला एकदाच घड येतो. घड काढला की आईचं खोड कापायचं, बुडातून आलेल्या पिलांतलं एक दणकट पील ठेवायचं, त्याच्यावर पुढचं पीक घ्यायचं. आबांनी लाखभर वेळा तरी हे केलं असेल. गुलाब दरवर्षी त्याच फांद्यांवर फुलतो, हे त्यांना कुणी सांगायचं? मी सांगायला हवं होतं. मला ते झाड देऊन गेल्या होत्या अक्का.

"छान दिसतंय," मी एवढंच बोलले.

का बोलले नाही याची कारणं मी नंतर स्वतःला खूप दिली. आबा पुन्हा भिंतीकडे तोंड करतील, हे त्यातलं मोठं. ते खोटं नव्हतं. पण त्याच्या तळाशी दुसरं एक होतं, की मी भित्री आहे. कार्यालयात एखादी नोंद चुकली तरी साहेबांच्या केबिनपर्यंत जाताना माझे तळहात ओले होतात. नवरा म्हणाला, "अक्कांना फोन कर आणि सांगून टाक." मी म्हटलं, "बाळंतिणीच्या घरी फोन करून हे सांगू?" तो पुन्हा पेपरात शिरला, आणि मला तेच हवं होतं.

मी आशा धरली ती त्या फुटव्यावर. त्याच मुळाचं आहे, तेव्हा फूलही तेच येईल. रोज सकाळी जाऊन बघायची, शेंड्याला कळी दिसते का. कळी काही दिसेना. फूट मात्र वेड्यासारखी वाढत होती, आणि पानं काहीतरी वेगळीच, बारीक, फिकी. अक्कांचा फोन दर दोन दिवसांनी यायचा. बाळाचं वजन, मुलीचं दूध, आणि शेवटी, "गुलाब कसा आहे गं?" मी म्हणायची, "जोमात आहे." हे अक्षरशः खरं होतं, आणि फोन ठेवल्यावर मी पुन्हा एकदा भिंतीपलीकडे डोकावून यायची.

अशात प्रदर्शन आलं. म्हटलं, तिथे जाणकार असतात, विचारू.

गर्दी दरवर्षीसारखीच. पायऱ्यापायऱ्यांवर मांडलेल्या कुंड्या, हात लावू नये अशा पाट्या, त्या पाट्यांना टेकून फोटो काढणाऱ्या मुली, पाकळ्यांची रांगोळी, ठिबकच्या नळ्यांचा स्टॉल, लाउडस्पीकरवरून कुणाचं तरी भाषण. माझ्या मागच्या बायका एकमेकींना सांगत होत्या, गॅलरीत असं लावू, जिन्यात तसं लावू. मला त्यांचा राग आला. उगाचच. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

गुलाबांच्या मांडवात एक वयस्कर गृहस्थ खुर्ची टाकून बसले होते. त्यांच्या तीन कुंड्यांवर बक्षिसाची कार्डं होती. मी त्यांना फुटव्याचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोटो मोठा केला.

"फूट कलमाच्या वरून आलीय की खालून?"

"म्हणजे?"

"गुलाब कलमी असतो ना. खाली रानगुलाबाचा खुंट, त्याच्यावर चांगल्या जातीचा डोळा बांधलेला. जोडाच्या खालून फूट आली की ती रानगुलाबाची. ती काढायची असते. ही तीच आहे." त्यांनी बोटाने पान दाखवलं. "मूळ झाड कुठंय?"

"कापलं गेलं."

"फांद्या ठेवल्यात का? ताज्या असतील तर एखादा डोळा घेऊन यालाच बांधता येईल."

फांद्या आबांनी दुसऱ्याच दिवशी घंटागाडीत टाकल्या होत्या. त्याला दहा दिवस होऊन गेले होते. मी नाही म्हटलं. "मग संपलं," ते म्हणाले, अगदी सहज, आणि दुसऱ्या कुणाच्या तरी मावा पडलेल्या पानाकडे वळले.

मी मांडवाच्या खांबाला धरून उभी राहिले. म्हणजे ठेवायचं ते कापलं आणि कापायचं ते ठेवलं. अक्कांच्या यजमानांनी ज्याची पानं पुसली, त्यातलं आता एक पानही उरलं नव्हतं. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. तसं झालं नाही. त्याऐवजी माझ्या डोक्यात ती दुसरी गोष्ट आली, आणि आली ती इतकी तयार होऊन आली की जणू दहा दिवस दाराबाहेर चपला काढून बसली होती. असाच दुसरा गुलाब मिळाला तर?

मी जुना, फुलाचा फोटो काढला आणि एकेका स्टॉलवर फिरायला लागले. सगळं जग तिथे फुलं बघायला आलं होतं आणि मी पोलिसांसारखी ओळखपरेड करत होते. लाल होते, दुरंगी होते, लालवर पांढरे फराटे असलेलेही होते. ती साय कुणाकडे नव्हती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं, कुणी नुसतं "कशाला हवाय हाच?" विचारलं तरी मी पुढच्या स्टॉलकडे सरकायची.

पुढच्या रविवारी धुळ्याला प्रदर्शन होतं. आबांना सांगितलं, कॉलेजचं काम आहे. एरंडोल, पारोळा करत बस धुळ्याला पोचेपर्यंत अकरा वाजले आणि ऊन डोक्यावर आलं होतं. अक्का शनिवारी परतणार होत्या. माझ्याकडे सहा दिवस होते.

धुळ्यात तिसऱ्याच स्टॉलवर म्हाताऱ्याने फोटो पाहिला आणि मान डोलावली. "हाऊ शे मनाकडे. बठ्ठा मिळीसन दोनच शेतस." त्याने मागच्या रांगेतून त्याच्याकडच्या दोनांतली एक पिशवी उचलून आणली. त्यात एक उमललेलं फूल आणि दोन कळ्या. मी पाकळी उलटून पाहिली. साय होती. भाव न विचारताच मी पर्स उघडली.

"घरना मरी गया का?" म्हाताऱ्याने विचारलं.

"नाही, नाही. आवडला म्हणून घेतेय."

त्याने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं असं मला वाटलं. कदाचित नसेलही पाहिलं. परतीच्या बसमध्ये मी ते झाड मांडीवर धरून बसले. काटे साडीतून टोचत होते. शेजारची बाई कौतुकाने म्हणाली, "प्रदर्शनातून आणलात? छान हौस आहे तुम्हाला." मी हसले आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

बुधवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. दुपारी आबा झोपल्यावर मी अक्कांच्या अंगणात शिरले. कुंडीतला रानगुलाब मुळासकट काढून एका जुन्या बादलीत लावला आणि बादली आमच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीआड ठेवली. तीन दिवस तिथेच लपवलेलं नवं झाड जुन्या कुंडीत, जुन्या मातीत. वरून वाळलेली पानं पसरली, म्हणजे माती हलवलेली दिसू नये. आबांना काय सांगायचं तेही ठरवलं होतं, की पिलाला फूल आलं म्हणून. आज हे लिहिताना माझं मलाच हसू येतं, आणि ते हसू चांगलं नाही. चाळीस वर्षं झाडांत काढलेल्या माणसाला मी हे सांगणार होते.

आबा चारला उठले, झारी घेऊन गेले आणि कुंडीपुढे थांबले. मी दारातून बघत होते. त्यांनी वाकून खोडाला बोट लावलं.

"हे कोणाचं झाड हाये?"

"आबा..."

"आपलं पील कुठी गेलं?"

मग मी सगळं सांगितलं. अंगणातच, उभ्या उभ्या. कलम, खुंट, प्रदर्शनातले गृहस्थ, धुळे. माझं संपल्यावर आबा म्हणाले, "म्हंजे मी चांगलं कापलं अन् जंगली ठेवलं."

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"मले माहीत नाही हे तुले माहीत व्हतं. तू सांगितलं नाही." त्यांनी झारी खाली ठेवली, नळावर कोपरापर्यंत हात धुतले आणि खाटेवर जाऊन पडले. भिंतीकडे तोंड करून.

मी ज्याला घाबरत होते ते असं माझ्याच हातून झालं. गुरुवारी, शुक्रवारी ते झाडांकडे फिरकले नाहीत. पाणी मी घातलं. जेवायला हाक मारली की यायचे, ताटाकडे बघत जेवायचे. नवऱ्याने विचारलं, आबांना बरं नाही का? मी म्हटलं, ऊन लागलं असेल.

शनिवारी दुपारी अक्का आल्या. रिक्षातून पिशव्या उतरवायला मी गेले. त्यांनी चप्पलही काढली नाही, तशाच कुंडीकडे गेल्या. दोन्ही कळ्या तेव्हा उमलल्या होत्या. अक्का वाकल्या, फूल तळहातावर घेतलं, पाकळी उलटून पाहिली आणि त्यांचे डोळे भरून आले. "मला वाटत होतं, मी येईपर्यंत काही राहणार नाही याचं," त्या म्हणाल्या. "किती टवटवीत ठेवलंस गं. तुझे उपकार कसे फेडू मी?" त्यांनी पिशवीतून पेढ्यांचा डबा काढून माझ्या हातात दिला. नात झाली होती.

"त्यात काय एवढं, अक्का," मी म्हणाले.

इतकं सहज म्हणाले. आवाज जराही हलला नाही. मला त्याचं आजही नवल वाटतं.

तेवढ्यात फाटक वाजलं. आबा काठी टेकत आत येत होते. डोक्यावर टोपी, अंगात स्वच्छ सदरा, पाहुण्याच्या घरी जावं तसे. ते अक्कांपुढे उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

"तुमचा गुलाब मी कापला, अक्का. फुलून गेला म्हनून केयीसारखा कापला. मले समजलं नाही. माफ करा."

अक्का गोंधळून कुंडीकडे बघायला लागल्या. "कापला? पण आबा, हा काय..." आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आबांनी माझं नाव घेतलं नव्हतं. घ्यायची गरजच पडली नाही. फुलाकडे एकदा, माझ्याकडे एकदा, असं बघता बघता त्यांना सगळं कळलं, आणि ते कळताना मला दिसत होतं.

अक्का पायरीवर बसल्या.

"जुन्यातलं काही उरलंय?" त्यांनी विचारलं.

मी टाकीआडून बादली आणली. कोमेजलेलं, धक्का बसून पानं गाळलेलं ते झाड त्यांच्यापुढे ठेवलं. हा रानगुलाब आहे, याला तसं फूल येणार नाही, हेही सांगितलं. अक्कांनी बादलीतल्या मातीवर हात ठेवला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. आबा जवळ उभेच होते. त्यांच्याकडे वर बघून त्या म्हणाल्या, "आबा, तुमच्या हातून झालं ते झालं. तुम्ही येऊन सांगितलंत. बसा तुम्ही, पाय दुखेल."

आबा पायरीच्या टोकाला बसले.

मग अक्का माझ्याकडे वळल्या. आवाज चढवला असता तर मी काहीतरी बोलू शकले असते. "आत्ता मी याच्यासमोर रडत होते," त्या म्हणाल्या, "आणि तू शेजारी उभी राहून बघत होतीस."

मला कुठलंच कारण आठवेना, आणि कारणं तर मी तीन आठवडे घोकली होती. "ते झाड तू घेऊन जा," त्या म्हणाल्या. "कुंडी राहू दे." मी तिथेच बसून मातीतून ते सोडवलं, पिशवीत घातलं. दोन्ही फुलं अजून छान होती. दोघंही पायरीवर बसून बघत होते.

पेढ्यांचा डबा परत द्यावा की न्यावा, हे मला कळेना. शेवटी घेऊन आले. आमच्याकडे कुणीच तो उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून अक्कांची हाक आली, "आबा, बादलीतलं हे जमिनीत लावायचंय, खड्डा किती खोल घेऊ?" आबा खाटेवरून उठले, काठी शोधली, टोपी घातली आणि निघाले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी ते दोघं वाकलेले बघत होते. मला आनंद झाला, अगदी मनापासून झाला. खिडकी उघडी होती, मी तिथे उभी आहे हे अक्कांना दिसत होतं. मला हाक आली नाही.